शेजारच्या गॅस्ट्रोपबमध्ये जेवायला जाताना: ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी मार्गदर्शक

ब्रिटनमध्ये शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी आलेली अनेक मराठी कुटुंबे घराच्या कोपऱ्यावरच्या पबसमोरून रोज ये-जा करतात, दाराशी फळ्यावर खडूने लिहिलेले पदार्थ वाचतात आणि तरीही आत जात नाहीत. आपण मद्य घेत नाही, आपल्याला तिथे खाण्यासारखे काही मिळणार नाही, किंवा आत गेल्यावर नेमके काय करायचे ते ठाऊक नाही, अशी कारणे मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. यातली पहिली दोन कारणे आता फारशी खरी उरलेली नाहीत आणि तिसरे दूर करता येण्याजोगे आहे. पबचे नियम कुठे लिहून लावलेले नसतात, कारण तिथे नेहमी येणाऱ्यांना ते लहानपणापासून माहीत असतात. नव्याने आलेल्या माणसाची अडचण इथेच होते. म्हणून घरातून निघण्यापासून घरी परतण्यापर्यंतचा सगळा क्रम या लेखात मांडला आहे. यातली माहिती प्रामुख्याने इंग्लंडमधली आहे. स्कॉटलंड किंवा वेल्समध्ये वेगळे काही असेल तिथे तसे सांगितले आहे.

१. हे ठिकाण काय आहे ते आधी समजून घ्या

ज्या पबमध्ये स्वयंपाकघराला बारइतकेच महत्त्व दिले जाते, त्याला गॅस्ट्रोपब म्हणतात. या प्रकाराची सुरुवात लंडनच्या फॅरिंग्डन रोडवरील ‘द ईगल’ या पबपासून झाली असे मानले जाते. १९९१ मध्ये मायकेल बेल्बेन आणि डेव्हिड आयर यांनी तो चालवायला घेतला, बारला लागूनच उघडे स्वयंपाकघर मांडले, रोजचे मोजके पदार्थ फळ्यावर लिहिले आणि रेस्टॉरंटचा कोणताही थाट न करता ताजे, चवीचे जेवण द्यायला सुरुवात केली. तोवर बहुतेक पबमधले खाणे म्हणजे वेफर्स, व्हिनेगरमधली अंडी, चीज-ब्रेड-लोणच्याची थाळी किंवा गरम करून दिलेली पाई असे असायचे. १९८९ मध्ये सरकारने मोठ्या ब्रुअरींच्या ताब्यातील पबवर बंधने आणल्यामुळे अनेक पब विक्रीला निघाले होते, आणि ज्यांच्याकडे स्वतंत्र रेस्टॉरंट काढण्याइतके भांडवल नव्हते अशा आचाऱ्यांना त्यातून जागा मिळाली.

हा इतिहास सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. काउंटरवर जाऊन जेवण सांगणे, एकमेकांशी न जुळणाऱ्या खुर्च्या, शेजारच्या टेबलावर नुसतीच बिअर घेऊन गप्पा मारणारे लोक, पायाशी झोपलेला कुणाचा तरी कुत्रा, हे सगळे त्या पब असण्याचे अवशेष आहेत. त्याच वेळी ताटातले अन्न मात्र रेस्टॉरंटच्या दर्जाचे असू शकते. हेरफर्डशरमधील ‘द स्टॅग इन’ला २००१ मध्ये मिशेलिन या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचा तारा मिळाला आणि असा मान मिळवणारा तो पहिला पब ठरला. पुढे मार्लो येथील ‘द हँड अँड फ्लॉवर्स’ हा दोन तारे मिळवणारा पहिला पब झाला. अशा नामांकित ठिकाणी बऱ्याच आधी जागा राखून ठेवावी लागते आणि खर्चही मोठा येतो. सुरुवात तिथून करू नये. घरापासून पायी जाता येईल असा साधा, चांगला पब निवडावा, कारण या ठिकाणांची खरी गोडी दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, काउंटरमागचा माणूस चेहरा ओळखू लागल्यावर कळते.

२. पब निवडताना काय पाहावे

सर्वांत उपयोगी खूण म्हणजे मेनूची लांबी. पाच-सहा स्टार्टर, सात-आठ मुख्य पदार्थ आणि चार पुडिंग (गोड पदार्थ) असा एका पानाचा मेनू, त्यावर तारीख किंवा ऋतूप्रमाणे बदललेले पदार्थ, आणि फळ्यावर संपलेल्या पदार्थावर मारलेली रेघ, हे सगळे तिथे खरोखर स्वयंपाक होत असल्याचे सांगते. पिझ्झा, करी, नूडल्स आणि बर्गर असे सगळे काही एकाच जाड, प्लास्टिक लावलेल्या पुस्तिकेत असेल, तर बरेचसे अन्न तयार येऊन फक्त गरम होत असण्याची शक्यता धरावी. अशा ठिकाणी जाऊ नये असे नाही, पण तिथे आचाऱ्याला काही विचारून उपयोग होत नाही, आणि आपल्याला तर विचारायचेच आहे.

दारावर किंवा खिडकीवर काळ्या-हिरव्या रंगाचे, ० ते ५ असा आकडा असलेले स्वच्छतेच्या गुणांचे स्टिकर पाहावे. वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ते लावणे सक्तीचे आहे, इंग्लंडमध्ये ऐच्छिक आहे. मात्र इंग्लंडमधल्या कोणत्याही पबचे गुण फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या संकेतस्थळावर पाहता येतात. स्कॉटलंडमध्ये आकडे नसतात, तिथे ‘पास’ किंवा ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा असतो.

३. वेळ आणि आरक्षण

नव्याने आलेल्या मराठी माणसाची सर्वांत जास्त निराशा वेळेच्या बाबतीत होते. पब रात्री अकरापर्यंत उघडा असतो, पण त्याचे स्वयंपाकघर तोपर्यंत चालू नसते. दुपारचे जेवण साधारण बारा ते अडीच-तीन आणि रात्रीचे सहा ते नऊ किंवा साडेनऊ, अशी विभागणी असते. मधल्या वेळेत दार उघडे असले तरी खायला काही मिळेलच असे नाही. घरी नऊ-साडेनऊला जेवायची सवय असलेले कुटुंब त्या वेळी पोचते आणि त्याला ‘किचन बंद झाले’ असे नम्रपणे सांगितले जाते. रविवारी बरीच स्वयंपाकघरे दुपारी बाराला सुरू होऊन संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास थांबतात, आणि अनेक ठिकाणी सोमवारी, काही ठिकाणी मंगळवारीही, चूल पेटत नाही. म्हणून पब उघडण्याची वेळ पाहून थांबू नका. स्वयंपाकघराची वेळ वेगळी पाहा, आणि शंका असेल तर फोन करा.

शुक्रवार-शनिवारची रात्र आणि रविवारची दुपार यांसाठी आरक्षण करावेच. आरक्षण करताना पुढील गोष्टी नीट वाचाव्यात: टेबल किती वेळासाठी दिले आहे (दीड ते दोन तास ही सर्वसाधारण मर्यादा असते), न आल्यास कार्डावरून माणशी काही रक्कम कापली जाणार आहे का, आणि टेबल जेवणाच्या दालनात आहे की बारजवळ उंच स्टुलांचे आहे. आजी-आजोबा किंवा लहान मूल सोबत असेल तर ही शेवटची बाब आधीच सांगून ठेवावी. अ‍ॅलर्जी किंवा आहाराचे बंधन असल्यास तेही आरक्षणाच्या वेळीच कळवावे. जेवायला बसल्यावर सांगितलेल्या गोष्टीपेक्षा आदल्या दिवशी कळवलेल्या गोष्टीची स्वयंपाकघर अधिक चांगली तयारी करू शकते.

४. सोबत काय न्यावे

• वयाचा पुरावा. मद्यविक्रीचे किमान वय १८ आहे, पण बहुतेक पब ‘चॅलेंज २५’ ही पद्धत पाळतात, म्हणजे पंचविशीच्या आतले दिसणाऱ्या कुणालाही पुरावा मागतात. मूळ पासपोर्ट, छायाचित्र असलेला वाहन परवाना किंवा वयाच्या पुराव्यासाठीच्या ‘पास’ (PASS) योजनेचे होलोग्राम असलेले ओळखपत्र चालते. आधार कार्ड किंवा विद्यापीठाचे ओळखपत्र चालेल असे गृहीत धरू नये. मोबाइलमधले पासपोर्टचे छायाचित्रही सहसा स्वीकारत नाहीत. पासपोर्ट खिशात घेऊन हिंडणे जोखमीचे असल्यामुळे विद्यार्थ्यांनी, पात्र होताच, शिकाऊ वाहन परवाना काढून घ्यावा. गाडी शिकायची नसली तरी तो ओळखपत्र म्हणून उपयोगी पडतो.
• बँकेचे कार्ड. काही पब रोख रक्कम घेतच नाहीत.
• अ‍ॅलर्जी असल्यास पदार्थांची लेखी यादी. तोंडी सांगितलेल्या नावाचा उच्चार समोरच्याला कळला नाही, तरी कागद स्वयंपाकघरात नेता येतो.
• हलके जाकीट. उन्हाळ्यातसुद्धा बाहेरच्या बागेत संध्याकाळी थंडी वाजते.

कपड्यांचे बंधन नसते. जीन्स चालते, साडी चालते. चिखलाचे बूटही खेडेगावातल्या पबमध्ये कुणाला खटकत नाहीत.

५. आत गेल्यावर

दारातून आत गेल्यावर क्षणभर थांबून पाहावे. ‘बसवेपर्यंत थांबा’ अशा अर्थाची पाटी असेल तर थांबावे. ती नसेल आणि आरक्षणही नसेल, तर काउंटरवर जाऊन ‘आम्हाला जेवायचे आहे, कुठे बसू?’ असे विचारावे. रिकामे दिसणारे प्रत्येक टेबल मोकळे नसते. त्यावर नावाची चिठ्ठी किंवा छोटी पाटी असू शकते.

त्यानंतर ऑर्डर टेबलावर घेतली जाणार आहे की काउंटरवर द्यायची, ते विचारावे. काउंटरवर द्यायची असल्यास टेबलावरचा क्रमांक पाहून मगच उठावे, कारण तिथे पहिला प्रश्न तोच विचारला जातो. अशा ठिकाणी बहुधा ऑर्डर देतानाच पैसे द्यावे लागतात, किंवा कार्ड नोंदवून खाते उघडले जाते आणि शेवटी एकदम हिशेब होतो. जिथे नुसते ‘पब’ आणि ‘जेवणाचे दालन’ असे दोन भाग आहेत, तिथे एका भागात काउंटरची आणि दुसऱ्या भागात टेबलाची पद्धत असू शकते. कुणीच ऑर्डर घ्यायला येत नाही म्हणून अर्धा तास ताटकळत बसलेली कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि त्यात दोष कुणाचाच नसतो.

काउंटरवर रांग दिसत नाही, पण ती असते. आपल्याआधी कोण आले आणि नंतर कोण आले हे प्रत्येकाने मनात ठेवायचे असते, आणि चुकून आपल्याला आधी विचारले गेले तर ‘हे माझ्या आधीपासून आहेत’ असे सांगायचे असते. या एका वाक्याने जितका आदर मिळतो तितका दुसऱ्या कशाने मिळत नाही. नोट हलवून दाखवणे, चुटकी वाजवणे किंवा हाक मारणे टाळावे. काउंटरमागच्या माणसाशी नजरानजर झाली की पुरेसे असते.

६. पेये, आणि मद्य न घेणाऱ्यांसाठी काही गोष्टी

मद्य न घेता पबमध्ये जेवणे अगदी सर्वसामान्य आहे आणि त्यासाठी कुणालाही कारण सांगावे लागत नाही. लाइम अँड सोडा, एल्डरफ्लॉवर नावाच्या फुलांचे सरबत, जिंजर बिअर (नावात बिअर असली तरी ती सहसा मद्यविरहित असते, काही बाटल्यांत मद्य असते, म्हणून विचारून घ्यावे) आणि मद्यविरहित बिअर हे पर्याय जवळजवळ सगळीकडे मिळतात. पिण्याचे साधे पाणी मागितल्यास ते विनामूल्य द्यावे, ही इंग्लंड आणि वेल्समध्ये परवान्याचीच अट आहे. मागताना ‘टॅप वॉटर’ असे स्पष्ट सांगावे. नुसते ‘पाणी’ म्हटल्यास विकतची बाटली येऊ शकते.

घेणाऱ्यांसाठी मापे अशी आहेत: पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, आणि त्याचे अर्धे मापही मागता येते, वाइन पेल्याने घेतल्यास १२५, १७५ किंवा २५० मिलिलिटर, व्हिस्की-जिनसारखी मद्ये २५ किंवा ३५ मिलिलिटर. भारतातल्या ‘लार्ज पेग’च्या, म्हणजे ६० मिलिलिटरच्या सवयीने इथला एक पेग फार लहान वाटतो, पण २५० मिलिलिटरचा वाइनचा पेला म्हणजे बाटलीचा एक तृतीयांश भाग असतो, हे लक्षात ठेवावे. हाताने ओढायच्या दांड्याच्या पंपातून येणारी ‘कास्क एल’ ही पारंपरिक बिअर तळघराच्या तापमानाला, साधारण ११ ते १३ अंशांवर देतात. ती बर्फासारखी थंड नाही म्हणून परत करू नये. आवडेल की नाही असे वाटत असेल तर चव घेण्यापुरती थोडी मागता येते, आणि ती आनंदाने देतात. कट्टर शाकाहारी व्यक्तींसाठी एक सूचना: पारंपरिक कास्क एल स्वच्छ करण्यासाठी माशाच्या वाताशयापासून काढलेला आयसिंग्लास हा पदार्थ वापरतात. तो सगळ्यांत नसतो, म्हणून विचारून घ्यावे.

सहकाऱ्यांबरोबर गेलात तर ‘राउंड’ची पद्धत असते: एकाने उठून सगळ्यांसाठी पेये आणायची, पुढच्या वेळी दुसऱ्याने. सोडा पिणाऱ्यानेही आपली पाळी घ्यावी अशी अपेक्षा असते. ती नको असेल तर पहिल्या फेरीआधीच ‘मी माझे वेगळे घेतो’ असे सांगावे. दोन फेऱ्या घेऊन मग बाजूला होणे लोकांच्या लक्षात राहते.

७. मेनू वाचणे

सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यावी लागते.

बीफ न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की मेनूवर ते नेहमी ‘बीफ’ याच नावाने येत नाही. स्टेक, सरलॉइन, रिबआय, ब्रिस्केट, ऑक्स चीक, बोन मॅरो आणि व्हील (वासराचे मांस) ही सगळी गोवंशाच्या मांसाची नावे आहेत. नुसते ‘बर्गर’ म्हटले तर ते बीफचे समजावे. कॉटेज पाईत बीफचा खिमा असतो आणि शेफर्ड्स पाईत मेंढीचा. दोन्ही दिसायला सारख्याच असतात. स्टेक अँड एल पाई हा जवळपास प्रत्येक पबचा पदार्थ आहे. ‘ड्रिपिंग’ हा शब्द दिसला की बीफची चरबी आहे असे समजावे; बटाट्याच्या फोडी आणि चिप्स तिच्यात तळण्याची पद्धत, विशेषतः उत्तर इंग्लंडमध्ये, अजून टिकून आहे. पोर्क टाळणाऱ्यांनी पँचेटा, लार्डन्स, चोरिझो, गॅमन आणि ब्लॅक पुडिंग ही नावे ओळखून ठेवावीत. स्कॉच एग दिसायला साधे तळलेले अंडे वाटते, पण त्याभोवती सॉसेजच्या मांसाचे, बहुधा पोर्कचे, आवरण असते.

शाकाहारी व्यक्तींसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की ब्रिटनमधल्या ‘व्हेजिटेरियन’ पदार्थात अंडे चालते. भारतातल्या हिरव्या ठिपक्याचा अर्थ इथल्या ‘व्ही’ या अक्षराला लावू नये. अंडे न खाणाऱ्यांनी वीगन (दूध-अंड्यासह प्राणिजन्य काहीही नसलेल्या) पदार्थांकडे वळावे किंवा प्रत्येक पदार्थात अंडे आहे का ते विचारावे. शिवाय ही चिन्हे सगळीकडे एकसारखी नसतात. काही ठिकाणी ‘व्ही’ म्हणजे शाकाहारी आणि काही ठिकाणी वीगन, म्हणून मेनूच्या तळाशी दिलेला खुलासा आधी वाचावा. यापलीकडे लपलेल्या गोष्टी पुढीलप्रमाणे:

• सूप आणि रिसोटो भाजीचे असले तरी त्यातला स्टॉक (उकळून काढलेला रस) कोंबडीचा असू शकतो.
• मूळ पार्मेझान चीज करताना दूध गोठवण्यासाठी वासराच्या जठरातले रेनेट वापरतात.
• वूस्टर सॉसमध्ये सहसा अँकोव्ही मासा असतो. चीज टोस्ट आणि टोमॅटोच्या पेयांत तो सॉस सर्रास घालतात.
• पन्ना कोटासारख्या पुडिंगमध्ये जिलेटिन असते, आणि वाफवलेल्या पारंपरिक पुडिंगांमध्ये सूएट म्हणजे गाई-मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी असू शकते.
• तळण्याचे तेल एकच असेल तर चिप्स मासे तळलेल्या तेलातून येतात.

ज्यांना अन्नातही मद्य नको, त्यांनी माशाच्या आवरणातली बिअर, सॉसमधली वाइन, ट्रायफलमधली शेरी आणि ख्रिसमस पुडिंगमधली ब्रँडी यांबद्दल विचारावे.

विचारणे हा इथे उद्धटपणा समजला जात नाही. सेलरी, मोहरी, तीळ, शेंगदाणे, दूध, अंडी, गहू आदींमधले ग्लूटेन यांसह १४ अ‍ॅलर्जनांची माहिती देणे खाद्यव्यावसायिकांवर कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे बहुतेक पबमध्ये प्रत्येक पदार्थाचा तक्ता असतो आणि मागितल्यावर तो दाखवतात. मात्र त्या तक्त्यात बीफची चरबी किंवा कोंबडीचा स्टॉक येत नाही, कारण ते अ‍ॅलर्जन नाहीत. ते वेगळे विचारावे लागते, आणि ‘मला वाटते चालेल’ असे उत्तर मिळाले तर आचाऱ्याला विचारून यायची विनंती करावी. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी अपेक्षा मर्यादित ठेवावी. सॉस आणि सूप आधीच करून ठेवलेले असतात, त्यातून ते काढता येत नाहीत.

मांसाहारी वाचकांसाठी दोन गोष्टी. इथे लॅम्ब बऱ्याचदा आतून गुलाबी ठेवून देतात. आपल्या मटणासारखे पूर्ण शिजलेले हवे असेल तर लॅम्ब शँक किंवा मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेला खांद्याचा तुकडा मागवावा. आणि शरद ऋतूत, १ ऑक्टोबरपासून, फेझंट हा पक्षी मेनूवर येऊ लागतो. तो आणि त्यासारखे इतर शिकारीचे पक्षी बंदुकीने मारलेले असल्यामुळे मांसात छऱ्याचा कण राहिलेला असू शकतो, म्हणून सावकाश चावावे. कोकणातल्या माणसाला मॅकरेल सहज आवडतो, कारण तो बांगड्याच्याच कुळातला आहे. इथे तो भाजून किंवा धुरावून देतात.

जेवण अळणी वाटले तर मीठ-मिरी टेबलावर असते. इंग्लिश मोहरी आणि हॉर्सरॅडिश (एका तिखट मुळाचा सॉस) मागून घ्यावेत. दोन्हींचा तिखटपणा जिभेपेक्षा नाकात चढतो, म्हणून आधी थोडेच घ्यावे.

८. संडे रोस्ट

एकदाच जायचे असेल तर रविवारी दुपारी जावे. भाजलेल्या मांसाचे काप, ओव्हनमध्ये कुरकुरीत केलेले बटाटे, गाजर, पार्सनिप, कोबी, वाटीसारखे फुगलेले यॉर्कशर पुडिंग आणि वरून ग्रेव्ही, असे ते ताट असते. पारंपरिक जोड्या ठरलेल्या आहेत: बीफबरोबर हॉर्सरॅडिश, लॅम्बबरोबर पुदिन्याचा सॉस, पोर्कबरोबर सफरचंदाचा सॉस आणि कुरकुरीत कातडी. बीफ-पोर्क न खाणाऱ्यांसाठी चिकन किंवा लॅम्ब हा चांगला पर्याय आहे, पण त्यातही दोन प्रश्न विचारायलाच हवेत: बटाटे कशात भाजले आहेत, आणि ग्रेव्ही कशाची आहे? बटाट्यांना बीफची किंवा बदकाची चरबी लावलेली असू शकते, यॉर्कशर पुडिंगही त्याच चरबीत फुलवतात, आणि बरेच पब सगळ्या मांसांसाठी एकच, बीफच्या रसाची ग्रेव्ही वापरतात.

शाकाहारी रोस्टमध्ये नट रोस्ट, म्हणजे सुकामेवा, ब्रेडचा चुरा आणि भाज्या यांचा भाजलेला वडीसारखा तुकडा मिळतो, किंवा मश्रूमची पाई. नुसते मांस बदलले म्हणजे ताट शाकाहारी झाले असे नाही. भाज्या, बटाटे आणि ग्रेव्ही या तिन्हींची खात्री करावी. जे पब हे नीट करतात ते शाकाहारी ताटाचे बटाटे वेगळ्या तेलात भाजतात आणि विचारल्यावर तत्परतेने तसे सांगतात. उत्तर देताना कर्मचारी चाचरत असेल तर त्या दिवशी दुसरा पदार्थ घ्यावा. यॉर्कशर पुडिंगमध्ये अंडे असतेच.

रोस्ट ठरावीक प्रमाणातच केलेले असते आणि दोन-अडीचनंतर बीफ किंवा लॅम्ब संपलेले असू शकते, तेव्हा साडेबारा-एकची वेळ घ्यावी. दोघांत एक ताट घेऊन वाटून खायचे असेल तर आधी विचारावे. काही ठिकाणी मुलांसाठी लहान ताट असते आणि भूक कमी असलेल्या वडीलधाऱ्यांनाही ते देतात.

९. मुले आणि भारतातून आलेले आई-वडील

मुलांना आणू द्यायचे की नाही, आणि किती वाजेपर्यंत, हे प्रत्येक पब ठरवतो. रात्री आठ-नऊनंतर मुलांना न थांबू देणारे पब बरेच आहेत. १६-१७ वर्षांच्या मुलांना इंग्लंड-वेल्समध्ये टेबलावरच्या जेवणासोबत, मोठ्या माणसाने विकत घेऊन दिल्यास, बिअर, वाइन किंवा सायडर (सफरचंदाचे मद्य) घेता येते, पण ते देण्यास नकार देण्याचा अधिकार पबला असतो.

उन्हाळ्यात आई-वडील भेटीला येतात तेव्हा त्यांना जरूर न्यावे. दुपारची वेळ, खिडकीजवळचे टेबल आणि मागे टेकता येईल अशी खुर्ची मागावी. कुत्र्यांची भीती असेल तर तेही आरक्षणात कळवावे, कारण बहुतेक पबच्या बारच्या भागात कुत्रे असतात, पण जेवणाच्या दालनात अनेक ठिकाणी नसतात. पबच्या आत धूम्रपान नाही. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून आणि स्कॉटलंडमध्ये त्याआधी वर्षभर, २६ मार्च २००६ पासून बंदी आहे. भारतातल्या ‘बार’ची जी कल्पना वडीलधाऱ्यांच्या मनात असते तिच्याशी इथल्या दुपारचा फारसा संबंध नसतो, हे त्यांना आधी सांगून ठेवले तर ती मंडळी मोकळेपणाने बसतात.

१०. जेवताना, आणि काही बिघडले तर

ताट आल्यानंतर थोड्याच वेळात कर्मचारी येऊन सगळे ठीक आहे का, असे विचारतो. हा केवळ शिष्टाचार समजून ‘हो, छान’ म्हणून टाकण्याची आपल्याला सवय असते. तसे करू नये. मांस कच्चे वाटत असेल, चुकीचा पदार्थ आला असेल किंवा शाकाहारी ताटावर मांसाची ग्रेव्ही असेल तर त्याच क्षणी, शांतपणे सांगावे. ताट बदलून देणे त्यांच्या कामाचा भाग आहे. अर्धेअधिक खाऊन झाल्यावर तक्रार केली तर काही करता येत नाही. मुख्य पदार्थासोबत भाजी किंवा बटाटे येतातच असे नाही, त्यामुळे ‘साइड’ वेगळे मागवायचे का, ते ऑर्डर देतानाच विचारावे. काटा-सुरी ताटात शेजारी-शेजारी ठेवली की जेवण संपले असा अर्थ होतो. उरलेले अन्न डब्यात भरून मागायला संकोच करू नये.

११. बिल

मेनूवरच्या किमतीत २० टक्के व्हॅट आधीच धरलेला असतो, त्यामुळे भारतातल्यासारखा कर वरून लागत नाही. मात्र बिलाच्या तळाशी सर्व्हिस चार्ज जोडलेला असू शकतो. लंडनमध्ये तो बहुधा १२.५ टक्के असतो. तो ऐच्छिक असेल तर सेवा समाधानकारक नसल्यास काढून टाकण्याची विनंती करता येते. तो जोडलेला असेल तर वेगळी टिप द्यायची गरज नाही. कार्डच्या यंत्रावर पुन्हा टिपचा पर्याय आला तर बिल एकदा पाहून मग बटण दाबावे. जोडलेला नसेल आणि टेबलावर सेवा मिळाली असेल, तर सुमारे १० टक्के देण्याची रीत आहे. काउंटरवरून नुसते पेय घेतल्यास टिप देत नाहीत. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये टिप आणि सर्व्हिस चार्ज यांतले काहीही मालकाला स्वतःकडे ठेवता येत नाही, म्हणून कार्डावर दिलेली टिपही कामगारांनाच मिळायला हवी.

मित्रमंडळींबरोबर असाल तर बिल वेगवेगळ्या कार्डांवर वाटून घ्यायची विनंती चालते, पण ती पैसे देण्याच्या आधी करावी. वाटणी समान करायची की ज्याने जे घेतले त्याप्रमाणे, हे मद्य न घेणाऱ्याने सुरुवातीलाच बोलून घ्यावे.

१२. घरी परतताना

गाडी चालवणाऱ्याने अजिबात न पिणे हेच योग्य. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम ही मद्यार्काची मर्यादा आहे; स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून ती ५० आहे. किती पाइंटनंतर ही मर्यादा ओलांडली जाईल हे शरीर, वेळ आणि जेवण यांवर अवलंबून असल्याने मोजून पिण्याचा हिशेब करता येत नाही. रात्री उशिरापर्यंत घेतले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळीही रक्तात मद्य शिल्लक असू शकते.

शहरात शेवटच्या ट्रेनची वेळ पाहून ठेवावी, आणि रविवारी दुरुस्तीच्या कामांमुळे गाड्या कमी असतात हे लक्षात घ्यावे. खेडेगावातल्या पबला जाणार असाल तर संध्याकाळनंतर बहुधा बस नसते आणि मोबाइलवरून टॅक्सी मागवण्याची अ‍ॅपही तिथे अनेकदा चालत नाहीत. परतीची टॅक्सी जाण्यापूर्वीच स्थानिक कंपनीला फोन करून ठरवावी, किंवा आल्याबरोबर काउंटरवर तिचा क्रमांक विचारून घ्यावा.